शेवटच्या क्षणाची बोली

लिलाव हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला; पण ‘एकवार, दोनवार, तीनवार’ ही आरोळी मात्र अस्सल आपली आहे. तिच्यांत एक मोठें शहाणपण सांठविलेलें आहे. ‘एकवार’ म्हटल्यावर विचारास अवकाश मिळतो. आणि कोणीं वाढीव बोली केली, कीं पुकारणारा पुन्हां ‘एकवार’पासून आरंभ करितो. त्यामुळें अगदीं शेवटीं तोंड उघडणाऱ्यास विशेष लाभ होत नाहीं. आतां लिलाव घरबसल्या संगणकावर व मोबाइलवर होऊं लागले आहेत. पुकारणाऱ्याची जागा घड्याळानें घेतली आहे, आणि घड्याळाबरोबर शेवटच्या क्षणीं बोली टाकण्याचा डावही आला आहे. त्याचें मर्म काय, व कुटुंबवत्सल माणसानें त्यापासून काय बोध घ्यावा, याचा विचार येथें करावयाचा आहे.

डाव तसा जुनाच. सतराव्या शतकांत इंग्लंडांत मेणबत्ती पेटवून लिलाव करीत; ज्योत विझण्यापूर्वीं शेवटची बोली ज्याची, त्याचा माल. तेथील आरमार खात्यांतील अधिकारी सॅम्युएल पीप्स यानें १६६२ सालच्या आपल्या रोजनिशींत जुन्या जहाजांच्या लिलावांतील एका चतुर माणसाची हकीकत नोंदली आहे. ज्योत विझतांना धूर खालीं वळतो, हें या माणसानें हेरून ठेविलें होतें. त्या खुणेवरून तो नेमका क्षण साधी.

अमेरिकेंत १९९५ सालीं निघालेल्या ‘ईबे’ नामक लिलावाच्या बाजारानें हीच मेणबत्ती जणूं नव्यानें पेटविली. तेथें लिलाव ठरलेल्या सेकंदास बंद होई. जाणते गिऱ्हाईक तोंवर दबा धरून बसत व अखेरच्या कांही सेकंदांत बोली टाकीत. आधीं बोलावें, तर इतरांस ईर्ष्या चढते. शिवाय जुनें नाणें किंवा ग्रंथ पारखणाऱ्यानें रस दाखविला, कीं त्या वस्तूची किंमत चारचौघांस कळते. उलट ‘ॲमेझॉन’च्या त्या वेळच्या लिलावांत अखेरच्या दहा मिनिटांत बोली आली, कीं मुदत पुढें सरके. अल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनीं दोन्ही बाजार ताडून पाहिले व २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. शेवटच्या क्षणाची गर्दी पहिल्या बाजारांत पुष्कळ, दुसऱ्यांत थोडी! माणसें दोन्हीकडे सारखींच; फरक काय तो नियमाचा. आपल्या देशांत ‘ईबे’नें २००४ सालीं ‘बाझी’ हा बाजार विकत घेतला; पुढें २०१८ सालीं येथील तें दुकान बंद झालें. तथापि त्यानें शिकविलेला धडा मागें राहिला.

नियम बदलला, कीं वागणूक बदलते, हें पाहण्यास परदेशीं जावयास नको. आपला यवतमाळ जिल्हा पुरेसा आहे. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचें नांव वणी असें होतें, आणि कापूस हें येथील मुख्य धन. जुन्या बाजारांत ‘हत्ता’ पद्धतीनें व्यवहार चाले. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरे, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्यास काय बोलणें झालें याचा पत्ता नसे. वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठीं १८९७ सालीं कायदा झाला. पुढें कालांतरानें उघड लिलावाची रीत रूढ झाली. आडत्यासमोर बोली मोठ्यानें होऊं लागली, तेव्हां शेतकऱ्याच्या कानास भाव कळूं लागला. वाहनांच्या पसंतीच्या क्रमांकांची तऱ्हा याहून निराळी. एकाच क्रमांकास अनेक इच्छुक असले, तर प्रत्येकानें अधिक रक्कम बंद लिफाफ्यांत द्यावयाची, अशी पद्धत महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आली. तेथें दुसऱ्याचा आंकडाच दिसत नाहीं. मग टपून बसावें तें कोणासाठीं?

वणीकडील कोळशाचें उदाहरण सर्वांत बोलकें. नोव्हेंबर १९२० नव्हे, २०२० मध्यें केंद्र सरकारनें कोळसाखाणींचा जो संगणकीय लिलाव केला, त्यांत या जिल्ह्यांतील मार्की-मांगली-२ ही खाण होती. उत्पन्नांतील किमान ४ टक्के वांटा सरकारास द्यावयाचा, ही सुरुवात. चढाओढ थांबली ती ३०.७५ टक्क्यांवर! अशा लिलावांत अखेरीस बोली आली, कीं मुदत आपोआप वाढते. तें उचितच होय. एखाद्याच्या संग्रहांतील जुनें नाणें टपून स्वस्तांत कोणीं नेलें, तर तोटा एकट्याचा. पण भूमीच्या पोटांतील धन तसें गेलें, तर तोटा सर्व समाजाचा.

आमच्या वाचकांचा संबंध मात्र विशेषेंकरून बँकांच्या लिलावांशीं येतो. २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्यान्वयें बँका थकलेल्या कर्जदारांचीं घरें विकतात. वर्तमानपत्रांतील अशा नोटिशींत वेळेपुढें बहुधा लिहिलेलें असतें, कीं ‘प्रत्येकी पांच मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह’. हें जुनें ‘एकवार, दोनवार’च होय. येथें सेकंद मोजीत बसण्यांत अर्थ नाहीं. उलट प्रत्येक मुदतवाढीबरोबर ‘आणखी थोडेसे’ म्हणण्याचा मोह वाढतो. आणि मोहाची किंमत जबर आहे. बोली मान्य झाली, कीं अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशीं किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशीं भरावी लागते. बाकीचीस मुख्यतः पंधरा दिवस. ठरलेल्या मुदतींत ती न भरल्यास भरलेली रक्कम जप्त होते. वडिलांची पुंजी, सुनेचे दागिने व मुलाचा पगार एकत्र करून ज्या घरानें बोली केली, त्या घरावर मग काय प्रसंग ओढवेल, तें सांगावयास नको.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रथम लिलाव संपण्याचा नियम वाचावा. मग आदल्या दिवशीं घरांतील कर्त्या स्त्री-पुरुषांनीं एकत्र बसून घराची थकलेली देणीं, मुद्रांकशुल्क, ताबा कोणाकडे आहे, हें सर्व धरून शेवटचा आंकडा ठरवावा व तो कागदावर लिहावा. बोली पहिल्या क्षणीं करा वा शेवटच्या. तो आंकडा ओलांडावयाचा नाहीं. कळ दाबणारा हात एकाचा असला, तरी ती मर्यादा साऱ्या घराची असावी. घर दुसऱ्यास गेलें, तर दुसरें पाहतां येईल. संसाराची घडी विसकटली, तर ती बसविण्यास कोणी मुदतवाढ देत नाहीं.