चित्रपटकला वर्गात शिकता येते काय?

गावातला एखादा मुलगा बारावी झाल्यावर घरी सांगतो, "मला सिनेमाचं शिक्षण घ्यायचंय." बाप बिचारा मास्तरांकडे धाव घेतो, आणि खरं सांगायचं तर मास्तरही पेचात पडतात. फीचा आकडा मोठा, पुढे पोटापाण्याची हमी नाही. अशा वेळी मुलाला 'जा' म्हणायचे की 'नको'? ते ठरवायचे तर धंद्यात मुरलेला माणूस वर्गात येऊन नेमके काय देतो, हे आधी पाहायला हवे.

हुन्नर उस्तादाच्या हाताखालीच शिकायचा, ही आपली जुनी रीत. आमच्या उल्हासनगरात, कॅम्प १ मध्ये काय किंवा दुसरीकडे काय, शिलाईच्या कारखान्यात शिरलेला पोरगा आधी धागे कातरतो, मग काजे-बटणे करतो, हात बसला की मशीनवर बसतो. कापड बेतण्याची कात्री मात्र त्याच्या हाती लवकर येत नाही. एक काप चुकला की कापडाचे थरच्या थर वाया!

चित्रपटाचेही पुष्कळ वर्षे असेच चालले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही नावाला कंपनी, पण खरी शाळाच. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी तिथे पडेल ते काम करीत तयार झाली आणि १९२९ साली जोडीदारांसह त्यांनी 'प्रभात' काढली. म्हणजे उमेदवारीने माणसे घडतात, यात शंका नाही.

मग उणे कुठे पडते? हिशेबच करून पाहा. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने धावते. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपले. एवढी महाग वस्तू कोणता मालक नवख्याच्या हाती देईल? उमेदवार वर्षानुवर्षे बघत राही. स्वतः करून, बिघडवून पाहण्याची सोय त्याला नव्हती. मॉस्कोत १९१९ साली चित्रपटाची शाळा निघाली, तेव्हा फिल्मचा इतका तुटवडा होता की दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह विद्यार्थ्यांकडून कॅमेऱ्याविनाच प्रसंग बसवून घेत. पण करून घेत, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे ही सोय झाली ती पुण्यात, आणि गंमत म्हणजे 'प्रभात'च्याच आवारात. कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली होती. पुढे ती बंद पडली आणि १९६० साली त्या जागी केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख गजानन जागीरदार. 'शेजारी'तले (१९४१) मिर्झा आणि 'रामशास्त्री'तले (१९४४) रामशास्त्री ते हेच. ज्या स्टुडिओत त्यांनी स्वतः तोंडाला रंग लावला, तिथेच आता मुले शिकायला येऊ लागली.

काही वर्षांनी, १९६५-६६ च्या सुमारास, बंगालचे ऋत्विक घटक तिथे शिकवायला आले. फार काळ टिकले नाहीत. पण मणि कौल, कुमार शहानी आणि केरळचे जॉन अब्राहम हे तेव्हाचे त्यांचे विद्यार्थी पुढे नावारूपाला आले, आणि तिघांचे चित्रपट एकमेकांसारखे नाहीत, गुरूसारखेही नाहीत! माझ्या मते शिक्षकाची परीक्षा इथेच होते. नटनट्यांचे किस्से सांगून तास भरणारा पाहुणा मुलांना आवडतो खरा, पण त्यातून हाती काही लागत नाही.

मग खरा धडा कसा असतो? समजा, पोस्टमन गल्लीतून येतो आणि म्हातारीला पत्र देतो, एवढाच प्रसंग आहे. डावीकडून उजवीकडे चाललेला पोस्टमन पुढच्या तुकड्यात उजवीकडून डावीकडे चालला, तर पाहणाऱ्याला वाटते, हा परत का फिरला? हा नियम पुस्तकातही सापडेल. पण जाणता दिग्दर्शक मुलाने जोडलेले तुकडे पाहतो आणि विचारतो, "म्हातारीने दार उघडलेले तू का दाखवलेस? नुसती कडी वाजली असती तर?" मुलाला उत्तर शोधावे लागते, तुकडा काढून पुन्हा जोडावा लागतो.

आता खिशातल्या मोबाइलवर चित्रण होते, बिघडवायला पैसाही पडत नाही. मग शाळा कशाला, असे तुम्ही म्हणाल. बिघडवणे स्वस्त झाले हो, पण कुठे बिघडले ते दाखवणारा माणूस स्वस्त झालेला नाही. आणि तो पुण्या-मुंबईतच भेटतो असेही नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, महाविद्यालयात संज्ञापन शिकले. 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यांनी त्या अभ्यासक्रमासाठीच केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) त्यानंतरचे.

तेव्हा मास्तर, मुलगा सल्ला विचारायला आला तर संस्थेच्या इमारतीचे फोटो पाहू नका. तिथे शिकवणाऱ्यांनी स्वतः काय केले आहे, वर्षात प्रत्येक मुलाच्या वाट्याला किती सराव येतो आणि आपले संकलन त्याला स्वतःच्या हाताने करू देतात का, एवढे विचारून घ्या. आणि फी भरण्याआधी तो पोस्टमनचा प्रसंग त्याला द्या. पाच तुकड्यांत, संवादाविना. आणील ते वर्गाला दाखवा आणि काय घडले ते मुलांनाच सांगू द्या.