पोफळीची साल आणि खाणीचं पाणी

जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी सुपा धरणातून पुढे दांडेलीमार्गे कारवारला समुद्राला मिळते. याच तालुक्यात मँगनीजच्या खाणी होत्या. खाण थांबली तरी उपसलेल्या दगडमातीचे ढीग दर पावसाळ्यात धुपत राहतात, म्हणून त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यावर लक्ष हवंच. त्याच परिसरात पोफळीच्या बागा आहेत. ताज्या सुपारीच्या फळात ६० ते ८० टक्के भाग सालीचा, आणि सोलणीनंतर ती बहुधा कुजते किंवा जळते. ही साल पाण्यातले जड धातू धरू शकते. मात्र तिची खरी जागा घरातल्या गाळणीपेक्षा खाणीच्या ओहोळापाशी आहे.

सालीचा धागा सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचा असतो. त्यावरच्या आम्लगटांतला हायड्रोजन सुटला की तिथे ऋण प्रभार उरतो आणि शिसं, तांबं, कॅडमियम यांचे धन आयन तिथे चिकटतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनच त्या जागा अडवतो. म्हणून सामू साधारण ५ ते ६ असला की काम चांगलं होतं. कच्ची साल भिजवली तर पाणी तांबूस होतं, कारण तिच्यातलं टॅनिन उतरतं. सौम्य अल्कलीत भिजवून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन ती वाळवली की हा दोष बराच कमी होतो आणि धातू धरणारे गटही वाढतात.

जोयड्याच्या बाबतीत सर्वांत वजनदार आक्षेप असा, की इथला मुख्य धातू मँगनीज आणि तो अशा सालीला सैल चिकटतो. आक्षेप खरा आहे. म्हणून आधी चुनखडीच्या चरातून, हवा खेळवत पाणी न्यावं. सामू चढला की विरघळलेलं मँगनीज हळूहळू काळ्या ऑक्साइडच्या रूपात खाली बसतं. उरलेल्या शिसं-तांब्यासाठी पुढे सालीचा थर. दुसरा आक्षेप भरलेल्या सालीचा. ती शेतात टाकली तर विष फक्त जागा बदलेल. सौम्य आम्लाने धातू सोडवून साल काही वेळा पुन्हा वापरता येते, पण शेवटी ती घातक कचरा म्हणूनच हाताळायला हवी. ही शिस्त घराघरांत पाळली जाणार नाही. एका ठिकाणी, जबाबदार यंत्रणेच्या देखरेखीखाली पाळता येईल. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. चव किंवा रंग पाहून ती कळत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या तपासणीला पर्याय नाही. तपासणी आणि विल्हेवाट यांची सोय आधी झाली, तरच शेतकऱ्याच्या सालीला मोल येईल आणि नदीलाही खरा आधार मिळेल.