घरात एकच एसी घ्यायचा, तर तो कोणत्या खोलीत?

अलीकडे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरांतही एसी दिसू लागला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे विचारणाही वाढली. परंतु दुकानात चर्चा होते ती कंपनी आणि किमतीची. खोली कोणती, हे माल घरी आल्यावर ठरते. वास्तविक हा क्रम उलटा हवा. गिऱ्हाईक आले की आपण आधी विचारतो, कपडा कशासाठी हवा? मग गज हातात घेतो. एसीचेही तसेच आहे.

ही चूक मी स्वतः केली. मालेगावच्या आमच्या घरात पहिला एसी लावला तो बैठकीत, कारण मेहमान तिथे बसतात. बैठकीला दरवाजा नाही, नुसती कमान. तिच्या पलीकडे जिना. दीड टनाचा एसी दिवसभर चालला तरी बैठक काही थंड होईना. बिल मात्र वाढले. मेहमान आठवड्यातून दोनदा येत. आणि अम्मी वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत रात्रभर पंख्याचा गरम वारा सोसत होत्या. एका उन्हाळ्यात त्यांना चक्कर येऊन दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा आमचे डोळे उघडले. एसी काढून वर लावण्याचा खर्च वेगळा झाला. वाचकांचा तो वाचावा म्हणून हा लेख.

खोली कशी निवडावी?

पहिली कसोटी माणसांची. वृद्ध, आजारी आणि लहान मुले ज्या खोलीत झोपतात तिचा हक्क पहिला. दुसरी कसोटी तासांची. जिथे सलग सात-आठ तास वापर आहे तिथे पैसा वसूल होतो. तिसरी कसोटी दारांची. ज्या खोलीला दार आहे आणि ते बंद राहते, तीच खोली थंड होते. दोन खोल्यांमधले दार उघडे ठेवून एका एसीत दोन्ही भागवू, हा हिशेब बहुधा चुकतो. दुसऱ्या खोलीत थंडावा जेमतेम पोहोचतो आणि पहिलीही पुरेशी थंड होत नाही.

स्वयंपाकघरात एसी लावू नये. चुलीची उष्णता आणि तेलाची वाफ दोन्ही त्याला मारक आहेत. मागाच्या खोलीतही लावू नये. तिथला तंतू जाळीत अडकून हवा कोंडते. शिवाय एसी हवा कोरडी करतो आणि कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो.

टन म्हणजे काय?

टन हे एसीचे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद म्हणजे १ टन. सर्वसाधारणपणे १० बाय १२ फुटांच्या खोलीला १ टन, तर १५० ते १८० चौरस फुटांच्या खोलीला १.५ टन पुरतो. वर गच्ची असेल, भिंत पश्चिमेकडे असेल किंवा खोलीत पाच-सहा माणसे झोपत असतील, तर अर्धा टन जास्त धरावा. पण उगाच मोठा घेऊ नये. मोठा एसी खोली झटकन गार करून थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. भिवंडी-मुंबईच्या दमट हवेत हे लगेच जाणवते.

एसीच्या आधी गच्चीला पांढरा चुना द्यावा आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा किंवा ताडपत्री लावावी. उन्हाला आत येण्यापूर्वी अडवणे हे आतल्या पडद्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. मालेगावसारख्या कोरड्या हवेत एवढे करून साधा कूलरही पुष्कळदा भागवतो. दमट हवेत तो तितका चालत नाही.

बाहेरचा डबा कुठे बसेल?

खोली ठरवताना तिची एक भिंत बाहेरच्या बाजूची आहे का, हे पाहावे. आतला आणि बाहेरचा डबा जितके जवळ तितके बरे. तांब्याची नळी लांबली की खर्च वाढतो आणि थंडावा घटतो. बाहेरच्या डब्याला मोकळी हवा हवी. तो बंद डक्टमध्ये किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नको, आणि कारागिराचा हात पोहोचेल असा हवा. पाण्याची नळी उताराने बाहेर गेली पाहिजे, नाही तर भिंत ओली होते. आतल्या डब्याचा झोत झोपणाऱ्याच्या डोक्यावर येऊ नये.

विजेचा हिशेब

१ टनाचा एसी पूर्ण जोरावर चालला तर तासाला साधारण १ युनिट वीज घेतो. रात्री ८ तास धरले तर महिन्याला २४० युनिट. इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर जोर कमी करतो, त्यामुळे आकडा बराच खाली येतो. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की पुढचे प्रत्येक युनिट महाग पडते. म्हणून आधी आपले जुने बिल पाहावे. २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा चालवावा. एक अंश वाढवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते.

एसीसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, योग्य एमसीबी आणि पक्के अर्थिंग घ्यावे. दीड टनासाठी साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार लागते.

खाली माग आणि वर घर असलेल्या बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्रमागाच्या सवलतीच्या मीटरवर घरचा एसी जोडू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. थोड्या बचतीपोटी मोठा भुर्दंड कशाला?

शेवटची सूचना जिवाची. असा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. तेव्हा एसीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसची इस्त्री कधीही पेटवू नये.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर एवढेच लिहावे: कोण झोपते, किती तास, दार बंद होते का, वर गच्ची आहे का, बाहेरची भिंत कोणती. या पाच उत्तरांवरून खोली आपोआप ठरते. आमच्या घरी हा कागद आधी लिहिला असता, तर अम्मींचा एक उन्हाळा सुखाचा गेला असता.