हरणासाठी छोटं काडतूस पुरतं का? अमेरिकेत शंभर वर्षांपासून चाललेलं भांडण

अमेरिकेत नोव्हेंबर लागला की बऱ्याच राज्यांत हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. लायसन्स काढायचं, टॅग घ्यायचा, भडक नारिंगी जॅकेट चढवायचं आणि पहाटेच्या थंडीत जंगलात जाऊन बसायचं. आणि दरवर्षी न चुकता एक जुना वाद डोकं वर काढतो.

वाद असा: .२२३ सारख्या बारक्या काडतुसाने हरीण मारावं की नाही?

आपल्याकडे शिकारच बंद, मग आपल्याला काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण सिनेमे आणि रील्स बघून ‘गोळी ती गोळी, लागली की संपलं’ असा समज करून घेतलेली मंडळी आपल्यातही भरपूर आहेत. तो समज किती कच्चा आहे, हे या वादातून छान कळतं.

आधी काडतूस कोणतं ते बघू. .२२३ रेमिंग्टन म्हणजे आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलमध्ये जे ५.५६ मिलिमीटरचं काडतूस वापरतात, त्याचा जवळजवळ जुळा भाऊ. त्याच कुटुंबात .२२-२५० आणि .२२० स्विफ्ट ही जास्त वेगवान भावंडं आहेत. या सगळ्यांच्या गोळीची जाडी साधारण ५.७ मिलिमीटर. आता एनसीसीत ज्यांनी ‘पॉइंट टू टू’ चालवली आहे ते म्हणतील, अरे, आमच्या रायफलची गोळी पण एवढीच! जाडी तेवढीच, पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एनसीसीच्या .२२ पेक्षा .२२३ ची ऊर्जा सुमारे दहापट असते. ती एनसीसीवाली .२२ हरणासाठी वापरायला अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सरळ मनाई आहे, त्यावर वादच नाही.

वाद मधल्या गटाचा आहे. ही काडतुसं प्रामुख्याने वापरली जातात ती ‘व्हार्मिंट’साठी. व्हार्मिंट म्हणजे शेतीला उपद्रव देणारे प्राणी. कोकणात बागायतदार माकडांना कंटाळलेत, विदर्भात रानडुकरांनी शेतकऱ्यांची झोप उडवलीय, तसं तिकडे कुरणात बिळं करणारे प्रेअरी डॉग आणि ग्राउंडहॉग. (प्रेअरी डॉग नावालाच डॉग. प्राणी खारीच्या कुळातला आणि वजन जेमतेम किलोभर.) एवढंसं लक्ष्य, तेही दोन-तीनशे यार्डांवर. त्यासाठी गोळी हलकी हवी, प्रचंड वेगात आणि सरळ जाणारी हवी. शिवाय आजूबाजूला गोठे, घरं, गुरं. म्हणून ती जमिनीवर आपटून कुठेतरी उसळून जाण्याऐवजी लागताक्षणी चुरा व्हायला हवी. व्हार्मिंटच्या गोळीवरचं तांब्याचं वेष्टन मुद्दाम पातळ ठेवतात ते याचसाठी.

खरी मेख इथेच आहे. किलोभराच्या प्राण्यासाठी केलेली ही गोळी साठ-सत्तर किलोच्या हरणाच्या खांद्यावर बसली तर काय होईल? कातडी, स्नायू आणि खांद्याचं हाड ओलांडून काळीज-फुप्फुसापर्यंत पोचायच्या आधीच तिचे तुकडे होऊ शकतात. वरून जखम भयानक दिसते, पण ती उथळ असते. हरीण पळून जातं. गोळी आरपार गेलेली नसल्यामुळे जमिनीवर रक्तही फारसं सांडत नाही, त्यामुळे माग काढणं अवघड. मग ते जनावर झाडीत कुठेतरी तासन् तास, कधी कधी अनेक दिवस तडफडत राहतं. शिकारीचं समर्थन करणारे लोकही ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरतात ती हीच.

मग लोक हे काडतूस वापरतातच का? कारणं अगदी साधी आहेत. रायफल घरात आधीच असते, काडतुसं स्वस्त मिळतात आणि मुख्य म्हणजे धक्का कमी बसतो. मोठ्या रायफलचा दस्ता खांद्यावर असा काही आपटतो की नवखा माणूस पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि नेम चुकतो. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात धक्का न देणारी रायफल दिली तर गोळी जिथे हवी तिथे बसते. मोठ्या गोळीने पोटात मारण्यापेक्षा लहान गोळीने फुप्फुसात मारलेलं कधीही बरं, हा त्यांचा मुद्दा. मला हा मुद्दा पटतो, पण अर्धाच. कारण तो नेमाबद्दल बोलतो, गोळीच्या घडणीबद्दल गप्प बसतो.

हे भांडण किती जुनं आहे बघा. १९१२ मध्ये सॅव्हेज कंपनीने .२२ हाय-पॉवर नावाचं काडतूस आणलं, ७० ग्रेनची गोळी असलेलं. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. साधारण १८० ग्रेन म्हणजे आपला एक तोळा. हॅरी कॉल्डवेल नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने चीनमध्ये या बारक्या काडतुसाने चक्क वाघ मारले आणि कंपनीला आयती जाहिरात मिळाली. पुढे १९३५ मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणलं. ४८ ग्रेनची गोळी, म्हणजे पाव तोळ्याच्या आसपास, आणि वेग सेकंदाला चार हजार फुटांच्या वर. काही हरणं वीज पडल्यासारखी जागेवर कोसळली, काही उथळ जखम घेऊन पळाली. तेव्हापासून दोन्ही बाजूंकडे आपापले किस्से आहेत.

बारकी गोळीवाले आणखी एक नाव हमखास घेतात, ‘कारामोजो’ बेल. या स्कॉटिश माणसाने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या रायफलने. पण त्याच्या गोळ्या अजिबात न फुटणाऱ्या, अखंड आवरणाच्या होत्या आणि हत्तीच्या कवटीची रचना त्याला पाठ होती. म्हणजे हे उदाहरण छोट्या कॅलिबरची बाजू घेत नाही, ते गोळी कशी बनवली आहे याची बाजू घेतं.

आता १९५५ चा किस्सा ऐका, कारण त्यात या विषयाचं सगळं सार आहे. त्या वर्षी दोन कंपन्यांनी जवळपास सारखीच काडतुसं बाजारात आणली, विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४. दोन्ही गोळ्या ६ मिलिमीटरच्या. ताकदीत रेमिंग्टन कांकणभर सरसच. तरी ते आपटलं. का? रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे पाडलेले असतात, गोळीला गिरकी देण्यासाठी. भोवरा जोरात फिरला तर ताठ उभा राहतो, गिरकी कमी पडली की लडबडतो. गोळी जड झाली की लांबीला वाढते, आणि लांब गोळीला गिरकी जास्त लागते. रेमिंग्टनने आपलं काडतूस व्हार्मिंटसाठी धरलं आणि १२ इंचांत एक वेढा असे आटे ठेवले. ९० ग्रेनपर्यंतची गोळी चालायची, त्यापुढे भरवसा नव्हता. विंचेस्टरने १० इंचांत एक वेढा ठेवला आणि १०० ग्रेनची गोळी दिली. एकाच रायफलमध्ये व्हार्मिंटही आणि हरीणही. गिऱ्हाईक तिकडे वळलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने आटे ९ इंचांवर आणले, नावही बदलून ‘६ एमएम रेमिंग्टन’ केलं. पण तोवर बाजार हातचा गेला होता. .२४३ मात्र आजही नवशिक्यांची हरणाची रायफल म्हणून जोरात खपतं.

हाच आट्यांचा मुद्दा .२२ च्या घराण्यालाही लागू होतो. जुन्या .२२-२५० रायफलींत १४ इंचांत एक वेढा असायचा, त्यात ५५ ग्रेनच्या फार पुढे जाता येत नाही. आज .२२३ च्या अनेक रायफली ८ किंवा ७ इंचांच्या आट्यांच्या मिळतात आणि ७७ ग्रेनची गोळीही सरळ जाते. जोडीला हरणासाठीच बनवलेल्या गोळ्या आल्या: जाड वेष्टनाच्या, मध्ये पडदा असलेल्या किंवा अख्ख्या तांब्याच्या, ज्या उमलतात पण फुटत नाहीत. म्हणजे १९३५ चं उत्तर आज जसंच्या तसं लागू नाही. तरी ५५ ग्रेनच्या साध्या गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी १,२८० फूट-पाउंडच्या आसपास असते आणि १०० यार्डांवर ती ९०० च्या घरात येते. शिकाऱ्यांचा जुना अंदाज सांगतो, हरणासाठी हजार तरी हवेत. हा काही निसर्गनियम नाही, पण चुकीला जागा किती कमी उरते ते यातून दिसतं.

कायदेही म्हणूनच एकसारखे नाहीत. कोलोरॅडोत हरणाला किमान .२४ कॅलिबर आणि ७० ग्रेनची गोळी लागते. व्हर्जिनियात .२३ पेक्षा लहान रायफल चालत नाही. टेक्सासमध्ये मात्र .२२३ बिनधास्त चालतं. जर्मनी प्राण्यानुसार बघते: छोट्या रो हरणाला १०० मीटरवर हजार ज्यूल, बाकी मोठ्या जनावरांना २,००० ज्यूल आणि किमान ६.५ मिलिमीटर. इंग्लंडमध्ये किमान .२४० आणि १,७०० फूट-पाउंड, पण मुंटजॅकसाठी .२२० ला सूट. हा मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चीनमधून तिकडे गेलेला चुलतभाऊ, कुत्र्याएवढा.

आणि आपलं भेकर? चितळ, सांबर, भेकर, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. तिथे कॅलिबरचा प्रश्नच येत नाही, थेट तुरुंगाचा येतो.

तिकडचा वाद मात्र आता शिशाकडे वळलाय. मांसात शिसं उतरतं म्हणून तांब्याच्या गोळ्यांचा आग्रह वाढतोय, आणि तांबं शिशापेक्षा हलकं. म्हणून स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठी असलेली १०० ग्रेनची अट ८० वर आणली.