जुनी जीप घ्यावी का? : मनाचा कौल आणि वहीचा हिशेब

वर्धा जिल्ह्यात फिरतीचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांपुढे हा प्रश्न नेहमी येतो. जुनी जीप मिळते आहे, थोडी रोकड जमली आहे, व्याजाच्या कर्जात पडायचे नाही. मग घेऊन टाकावी का?

गरज खोटी नाही. आर्वी-कारंजाकडील संत्र्याचे बगीचे असोत की हिंगणघाट-समुद्रपूरकडील कापसाची शेते, पावसाळ्यात पांदणीतली काळी माती पाणी पिऊन फुगते व चाकाला चिकटते. तेथे साधी गाडी फसते.

त्यात जीपविषयी आपुलकीही असते. कुणाच्या वालिदांनी जीपवर धंदा उभा केलेला असतो. या गाडीच्या इतिहासात आपलेही एक नाव आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. हा इतिहास जरूर सांगावा. परंतु त्यासाठी गाडीची किंमत वाढवून देऊ नये.

आता हिशेब पाहू. समजा, जीप दीड लाखाला पडली आणि दुरुस्तीला ५० हजार लागले. म्हणजे २ लाख भांडवल अडकले. विमा, टायर, मिस्त्री मिळून वर्षाला ४० हजार धरा. चिखलात जाणारी गाडी भाड्याने घेतली तर फेरीला २,००० रुपये, स्वतःच्या जीपला डिझेलसह ८०० रुपये. म्हणजे फेरीमागे १,२०० वाचतात. वर्षात अशा ३० फेऱ्या असतील तर बचत ३६ हजार. ती देखभालीलाही पुरत नाही! मात्र १०० फेऱ्या असतील तर खर्च वजा जाता ८० हजार उरतात आणि अडीच वर्षांत भांडवल सुटते. आकडे आपापले घालावेत, रीत हीच ठेवावी.

हिशेब जुळला तर गाडी तपासावी. पुष्कळ जीप दिसायला दणकट, पण फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. खाली वाकून पुढच्या एक्सलला डिफरन्शियल आहे का ते पाहावे आणि फोर-व्हीलचा दांडा टाकून मऊ मातीत चालवावी. नव्या रंगाला भुलू नये. चेसिसला गंज किंवा वेल्डिंगचे जोड आहेत का ते मिस्त्रीकडून बघून घ्यावे. मारुती जिप्सी हलकी व चिवट खरी, पण ती पेट्रोलवर चालते आणि तिची सर्वसामान्यांसाठीची विक्री बंद झाली आहे. आपल्या गावचा मिस्त्री कोणती गाडी खोलू शकतो, हे आधी विचारावे.

कागदपत्रांत हयगय नको. इंजिन व चेसिसचे नंबर आरसी बुकाशी जुळलेच पाहिजेत. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेले असते. त्याची नोंद नसेल तर व्यवहार सोडून द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीत परस्पर बदल करता येत नाही. खाजगी नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते आणि त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात, बँकेचा बोजा असल्यास फॉर्म ३५ मागावा आणि गाडी ३० दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. भाड्याने प्रवासी न्यायचे असतील तर खाजगी नोंदणी चालत नाही. अपघातात विम्याचा दावा अडकू शकतो.

विकणाऱ्या बांधवांनाही एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दिसताच प्रेषितांनी (स.) व्यापाऱ्याला जाब विचारला होता. भिजलेले धान्य वर ठेवावे, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल, हीच ती शिकवण. गाडीचा दोष लपवणे त्याहून वेगळे नाही. पैसे हप्त्याने द्यायचे ठरले तर सूरह बकरामधील आदेशानुसार करार लिहून, साक्षीदारांसमोर करावा. मग समोरचा सख्खा नातेवाईक का असेना.

वालिदांची जीप घरात असेल आणि हिशेब जुळत असेल, तर ती जरूर चालवावी. जुळत नसेल, तर तिच्या विक्रीतून आलेले भांडवल धंद्यात घालावे. त्यांनी जीप घेतली होती तीही धंद्यासाठीच.