सिडच्या तावडीतून सुटलेली खेळणी

ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जगातले असंख्य सर्व्हर मुकाट्याने चालतात, तिच्या आवृत्त्यांची नावं लहान मुलांच्या सिनेमातून उचललेली आहेत! डेबियन हे त्या सिस्टिमचं नाव. इयन मरडॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली हा प्रकल्प सुरू केला. पुढे त्याची सूत्रं ब्रूस पेरेन्सकडे गेली. पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्ये नोकरीला होता, त्यामुळे ‘टॉय स्टोरी’तली मंडळी डेबियनमध्ये शिरली. बझ, वूडी, बुल्सआय, बुकवर्म... दर आवृत्तीला नवं नाव. एक नाव मात्र कधीच बदलत नाही, ते म्हणजे सिड. सिनेमातला शेजारचा पोरगा, हाती येईल त्या खेळण्याची मोडतोड करणारा. डेबियनच्या ज्या शाखेत रोज नवंकोरं सॉफ्टवेअर येऊन थडकतं, त्या ‘अनस्टेबल’ शाखेचं हे कायमचं नाव.

पण मुद्दाम एक अस्थिर शाखा बाळगायचीच कशाला?

जरा पसारा बघा. डेबियनमध्ये ६० हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. ती लिहिणारे लोक जगभर विखुरलेले. कोणी दर आठवड्याला बदल करतो, कोणी वर्षातून एकदा जागा होतो. डेबियन जुळवणारे स्वयंसेवक, म्हणजे कोणी कोणाचा साहेब नाही. दुसऱ्या टोकाला असा माणूस, ज्याचा सर्व्हर वर्षानुवर्षं जसाच्या तसा चालला पाहिजे. २०१३ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या लॅपटॉपांवरून विंडोज काढून डेबियन बसवायचं ठरलं, तेव्हा ‘परवाच्या अपडेटनंतर चालेना’ ही तक्रार तिथे कोणाला परवडली असती? एकाला रोज बदल हवा, दुसऱ्याला बदलच नको. दोघांनाही खूश कसं ठेवायचं?

डेबियनचं उत्तर असं की बदल अडवायचा नाही, फक्त लोणच्यासारखा मुरू द्यायचा. नवं पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं. तिथे साधारण ५ दिवस राहतं. काम तातडीचं असेल तर २ दिवस, घाई नसेल तर १०. तेवढ्यात मोडतोडीची हौस असलेले लोक ते वापरून पाहतात आणि तक्रारी नोंदवतात. मग ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं. सरकवायचं की नाही हे कोण ठरवतं? एरवी ना समिती बसते, ना मतदान होतं. ब्रिटनी नावाचा एक प्रोग्रॅम ठरवतो!

ब्रिटनीचे प्रश्न साधे असतात. दिवस भरले का? जुन्यात नव्हता असा एखादा गंभीर बग नव्यात आलाय का? याला चालायला जे जे लागतं, ते पलीकडे हजर आहे का? आणि हे आत गेल्यावर तिथलं दुसरं काही मोडणार तर नाही ना?

शेवटच्या प्रश्नापाशी थांबा, खरी गंमत तिथे आहे. समजा, शेकडो पॅकेजं वापरतात अशी एक लायब्ररी बदलली. ती एकटी पुढे गेली, तर टेस्टिंगमधली जुनी पॅकेजं कोलमडतात. पॅकेजं आधी गेली, तर त्यांना नवी लायब्ररी सापडत नाही. म्हणजे गेले तर सगळे एकदम, नाहीतर कोणीच नाही. शेकडोंचा तो गठ्ठा एका झटक्यात पलीकडे सरकवण्याची जुळवाजुळव करावी लागते, आणि एकच पॅकेज अडून बसलं तरी गठ्ठाच्या गठ्ठा ताटकळतो.

साधारण दर दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात. नव्याला दार बंद, फक्त बग मारायचे. बग आटोक्यात आले की ‘स्टेबल’ जन्माला येते. पूर्वी हे गोठवणं फार लांबायचं. वूडी जुलै २००२ मध्ये आली आणि सार्ज जून २००५ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी. लोकांनी भरपूर थट्टा केली. दरम्यान डेबियनच्याच सामग्रीतून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारं उबुंटूही आलं. २००९ साली डेबियनने ठरवलं की गोठवण्याचा काळ आधी जाहीर करायचा, प्रकाशन मात्र तयारी झाल्यावरच. मला हा तोडगा फार आवडतो. तारीख दिलीही आणि नाहीही.

स्टेबलमध्येही सुरक्षेची भोकं सापडतातच. मग नवी आवृत्ती आणतात? छे! नव्या आवृत्तीतून फक्त दुरुस्तीच्या ओळी काढून त्या जुन्या कोडमध्ये बसवतात. मूळ आवृत्तीचा आकडा जुनाच राहतो. त्यामुळे नुसता आकडा वाचणारे तपासणी प्रोग्रॅम आधीच बुजवलेल्या भोकाबद्दल बोंब मारतात.

आणि मग २०२४ चा मार्च उजाडला.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधंसं सॉफ्टवेअर. ‘जिया टॅन’ या नावामागच्या कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ निमूटपणे काम करून ते एकट्याने सांभाळणाऱ्या मेंटेनरचा विश्वास कमावला. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा लपवला. सर्व्हरमध्ये दुरून लॉगिन करताना जो प्रोग्रॅम वापरतात, त्यात एक्सझेडची लायब्ररी डेबियनमध्ये आडवळणाने पोचत होती, म्हणजे नेम थेट सर्व्हरच्या कुलपावर होता. नवी आवृत्ती लवकर घ्या, असा लकडाही काही अनोळखी खात्यांनी लावला.

आता ऐका. ते पॅकेज अनस्टेबलमध्ये आलं, दिवस भरले आणि टेस्टिंगमध्येही गेलं. ब्रिटनीला काहीच खटकलं नाही. खटकलं ते अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला. सिड चालणाऱ्या मशिनवर तो पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत होता. लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! तेवढ्यात फार तर पापणी एकदा मिटून उघडते. त्याने धागा ओढत नेला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. नियमांनी चोर पकडला नाही. नियमांनी फक्त वेळ मिळवून दिला आणि तेवढ्यात एका चिकित्सक माणसाने तो पकडला. स्टेबल तेव्हा जुन्या ५.४.१ वर निवांत होती. चोरदरवाजा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

आता सिडमधून तो हुसकायचा कसा? डेबियनची अपडेट यंत्रणा नेहमी मोठ्या आकड्याकडेच जाते, आपणहून मागे फिरत नाही. मग जुना, स्वच्छ कोड नव्या आकड्याचा मुखवटा चढवून पाठवला गेला. त्या पॅकेजच्या आवृत्तीचा आकडा अधिकृतपणे असा होता: ५.६.१+रिअली५.४.५.