उंदरांवरील गुण आणि माणसाचा आजार

घरात कोणाला कर्करोगाचे निदान झाले की सल्ल्यांना तोटा राहत नाही. अमुक तेलाने उंदरांच्या गाठी जिरल्या, असे कोणी सांगतो आणि घाबरलेले कुटुंब त्यावर विसंबते. अशा वेळी लिथियम गॅमोलेनेट या औषधाची हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ईव्हनिंग प्रिमरोझ या पिवळ्या फुलांच्या रोपाच्या बियांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल हे मेदाम्ल असते. प्रयोगशाळेतील काचपात्रात त्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, असे आढळले होते. परंतु तेल पाण्यात विरघळत नाही. मग ते शिरेतून द्यावे कसे? ब्रिटिश संशोधक डेव्हिड होरोबिन यांच्या स्कॉशिया कंपनीने या आम्लापासून पाण्यात विरघळणारा लिथियमचा क्षार विकसित केला. तेलाचा साबण होतो, त्याच जातीचे हे रसायन.

पुढे माणसाच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या गाठी उंदरांत वाढवून चाचण्या झाल्या. या उंदरांची प्रतिकारशक्ती जन्मतःच दुबळी असते. म्हणूनच परकी गाठ त्यांच्यात रुजते. औषध थेट गाठीत टोचल्यावर तिची वाढ मंदावली. शिरेतून दिल्यावर मात्र तसा गुण दिसला नाही. रुग्णांना ते शिरेतून वेगाने दिल्यास तांबड्या रक्तपेशी फुटत, ही आणखी एक अडचण.

अखेर 278 रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाला. पोटातून किंवा शिरेतून अल्प मात्रा घेतलेले रुग्ण इतर उपचारांइतकेच जगले. शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेने तर अपायच झाल्याचे दिसले.

अहिंसेला प्रमाण मानणाऱ्यांच्या मनात येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग शोधावा, प्राण्यांची संख्या घटवावी, वेदना कमी कराव्यात, ही तत्त्वे ब्रिटनमधील रसेल आणि बर्च यांनी 1959 सालीच मांडली. तरीही जे मुके जीव अशा प्रयोगांत गेले, त्यांच्यावरील निष्कर्षाची केवळ लाभाची बाजू सांगून माल खपवणे हा दुहेरी अन्याय होय.

म्हणून कोणतेही तेल वा कॅप्सूल घरात आणण्यापूर्वी विचारावे: माणसांवर चाचणी झाली काय? किती जणांवर? ते अधिक जगले काय? समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर डॉक्टरांचा चालू उपचार एक दिवसही थांबवू नये.